साडेतीन हजार किलोमीटरची वनवाट : चौघांपैकी तिघे मध्येच का थांबतात?

अमेरिकेच्या पूर्व भागातील ‘ॲपलेशियन ट्रेल’ ही केवळ पायी चालण्यासाठी राखलेली, जगातील सर्वांत लांब वाटांपैकी एक वाट आहे. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत 14 राज्यांतून ती सुमारे 3,500 किलोमीटर जाते आणि तिचा बहुतांश भाग घनदाट अरण्यातून आहे. दरवर्षी हजारो पदयात्री एकाच हंगामात ती पूर्ण करण्याच्या निर्धाराने निघतात. मात्र शेवटपर्यंत पोहोचतो तो साधारणतः चौघांपैकी एकच.

उंची हे त्याचे कारण नव्हे. या वाटेवरील सर्वोच्च स्थान असलेले कुवोही 2,025 मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम चारशे मीटरने अधिक. येथे विरळ हवेचा त्रास नाही आणि बर्फाच्या भिंतीही चढाव्या लागत नाहीत. खरी कसोटी आहे ती न संपणाऱ्या चढ-उतारांची. संपूर्ण वाटेवरील चढाईची बेरीज केली, तर ती समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सुमारे 16 वेळा चढण्याइतकी भरते.

उन्हाळ्यात झाडांची छाया इतकी दाट होते की पदयात्री या वाटेला ‘हिरवा बोगदा’ म्हणतात. दिवसचे दिवस दूरचे काही दिसत नाही. सततच्या पावसाने बूट वाळत नाहीत, पायांना फोड येतात, ओल्या मुळांवरून घसरून घोटे मुरगळतात. गवतातील गोचिडींच्या चाव्यातून ‘लाइम’ हा आजार होऊ शकतो. त्यामुळे रोज संध्याकाळी अंग तपासणे आवश्यक ठरते.

वाट दाखवण्यासाठी झाडांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे रंगवलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले, तर पुढे वळण आहे किंवा सावध राहावे, असा त्याचा अर्थ. पट्टे दिसेनासे झाले तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे फिरावे, हा येथील मूलभूत नियम आहे. 2013 मध्ये मेन राज्यात एक अनुभवी महिला वाटेपासून थोडी बाजूला गेली आणि भरकटली. मोठी शोधमोहीम राबवूनही ती सापडली नाही. दोन वर्षांनी तिचे अवशेष मिळाले, ते वाटेपासून फार दूर नव्हते. दाट जंगलात थोडेसे अंतरही जीवघेणे ठरू शकते, हे त्यातून दिसून आले.

वेळेचे बंधनही कठोर आहे. उत्तरेकडे जाणारे बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये निघतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी, हिवाळा आडवा येण्याआधी, कटाडिन गाठण्याचा प्रयत्न करतात. या पाच ते सात महिन्यांत दर काही दिवसांनी जवळच्या गावात उतरून शिधा भरावा लागतो. मेनमधील अखेरच्या सुमारे 160 किलोमीटरच्या निर्जन टप्प्यात मात्र तीही सोय नाही. तेथील फलक दहा दिवसांचे अन्न सोबत ठेवण्याची सूचना देतो.

बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये या वाटेची कल्पना मांडली. 1937 मध्ये ती पूर्ण झाली आणि 1968 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. तरीही पट्टे रंगवणे, पडलेली झाडे हटवणे, निवारे दुरुस्त करणे ही कामे आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात. सप्टेंबर 2024 मधील ‘हेलेन’ चक्रीवादळाने दक्षिणेकडील भागात मोठी पडझड झाली, तेव्हाही तेच पुढे सरसावले.

माघार म्हणजे शेवट नव्हे, याचे उदाहरण एमा गेटवुड यांनी घालून दिले. 1954 मध्ये मेनमधून निघालेल्या गेटवुड वाट चुकल्या, त्यांचा चष्मा फुटला आणि त्यांना घरी परतावे लागले. पुढील वर्षी, वयाच्या 67 व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून त्या जॉर्जियाहून निघाल्या आणि सप्टेंबरमध्ये कटाडिनवर पोहोचल्या. एका हंगामात ही वाट एकटीने पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.