सोनं मिरवतं, भार रेशीम वाहतं

सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचं लाल रेशमी राजवस्त्र आज व्हिएन्नाच्या हॉफबर्ग राजवाड्यातल्या खजिन्यात आहे. जवळपास साडेतीन मीटर रुंदीचं हे अर्धवर्तुळाकार वस्त्र खांद्यांवरून पांघरायचं. मधोमध खजुराचं झाड, दोन्ही बाजूंना उंटावर झेपावलेला सिंह, आणि कडांना मोत्यांच्या ओळी. राजा ख्रिस्ती, पण काठावरचा मजकूर अरबी, कूफी लिपीतला. पालेर्मोच्या राजकारखान्यात हिजरी सन 528 मध्ये, म्हणजे 1133-34 साली, हे घडवल्याची नोंद त्यातच भरली आहे.

आता या वस्त्राच्या भरतकामातल्या सोन्याकडे जरा जवळून पाहू. शुद्ध सोनं मऊ. त्याची बारीक तार ताण पडताच तुटेल. पण ठोकत गेलं तर ते मायक्रॉनच्याही अंशाइतकं पातळ होतं. कारागिरांनी या गुणाचा फायदा घेतला. सोन्याच्या पत्र्याच्या चिंचोळ्या पट्ट्या कापायच्या आणि रेशमी धाग्यावर पिळासारख्या गुंडाळायच्या. आपल्याकडचं कलाबतूही याच जातीचं. दिसतं सोनं, ताण सोसतं रेशीम. आतला धागा पिवळा असला तर वेढ्यांमधल्या फटीही सोनेरी भासतात.

असा धागा वारंवार कापडातून ओढला तर सोनं खरवडतं. म्हणून तो वरच ठेवून बारीक रेशमी टाक्यांनी बांधतात. सोनं मागच्या बाजूला वाया जात नाही, आणि धाग्याची दिशा बदलली की चमकही बदलते. हे कसब मला सोन्याच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं.

स्वस्त मार्गही होते. जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यावर सोन्याचा वर्ख चढवून पट्ट्या करत. कुठे चांदीवर सोन्याचा मुलामा देत. तो झिजला की हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते. आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा धाग्याचे थर आणि त्यातले धातू ओळखता येतात.

सोनं शतकानुशतकं तसंच राहतं. प्रकाशाने, घामाने आणि घड्यांनी झिजतं ते रेशीमच. म्हणून संग्रहालयांत अशा वस्त्रांवर मंद उजेड ठेवतात.

घरात अस्सल जरीची जुनी पैठणी असेल, तर जरीतल्या चांदीसाठी ती जाळायला देऊ नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून अंधारात ठेवा आणि अधूनमधून घड्या बदला. जर आणि रेशीम दोन्ही आधी मोडतात ते घडीवरच.