ढलप्यांवरील अळिंबी आणि नगरची भूमी

लाकडाच्या ढलप्या परसातील सावलीत पसराव्या, त्या भिजवून त्यांत अळिंबीचे बी मिसळावे आणि काही महिन्यांनी पीक घ्यावे, ही पद्धती समशीतोष्ण देशांत रूढ आहे. तीसाठी मुख्यत्वे स्ट्रोफेरिया रुगोसोॲन्युलाटा हे कवक योजतात; 1960 च्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीत त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ही कृती जशीच्या तशी उचलता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता पाण्याचा वाटतो. वस्तुतः तो पाण्याइतकाच वाळवीचा आहे.

लाकडातील सेल्युलोज लिग्निनच्या वेष्टनात अडकलेले असते. लिग्निनचे विघटन करणारी एंझाइमे श्वेत कूज घडविणाऱ्या मोजक्या कवकांपाशीच असतात; म्हणून ताज्या ढलप्यांवर सामान्य बुरशीला सहजासहजी शिरकाव मिळत नाही आणि वाफा निर्जंतुक करण्याची गरज उरत नाही. उघड्यावरील लागवडीचे सारे गमक या एका गोष्टीत आहे. मात्र लाकडात नायट्रोजन अत्यल्प असतो. गव्हाच्या काडात त्याच्या एका भागास कार्बनचे 80 ते 100 भाग, तर लाकडात ते कित्येक शेकडा. परिणामी कवकजालाची वाढ मंद होते, आणि या मंदगतीतच नगरच्या पठारावरील अडचणीचे मूळ आहे.

येथील जमिनीत वाळवीचा वावर सर्वत्र आहे. ओडोंटोटर्मिस प्रजातीची वाळवी लाकूड कुरतडून वारुळात नेते आणि तेथे त्यावर टर्मिटोमायसिस हे कवक वाढविते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, लोक आवडीने खातात ती अळिंबी या कवकाचीच फळे होत. म्हणजे परसातील वाफा वाळवीने नेला तरी लिग्निन कवकच पचविते. केवळ मालक बदलतो! वाळवीवर कीटकनाशक घालावे, तर ते खाद्य पिकात उतरण्याचा धोका असतो. वाफा फरशीवर अथवा पाय पाण्यात ठेवलेल्या मांडवावर उचलावा, तर नवी अडचण उभी राहते: स्ट्रोफेरियाला फळे धरण्यासाठी जिवंत मातीचा थर लागतो. तो वरून घालता येतो. पण घराच्या सांडपाण्यावर जगणाऱ्या परसात एवढा खटाटोप कितपत परवडेल, हे सांगणे कठीण.

धिंगरी अळिंबीला (प्ल्युरोटस) मातीची गरज नाही. तीही श्वेत कूज घडविणारीच. शिवाय 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात ती चांगली फळते आणि काड, पाचट यांसारख्या मऊ द्रव्यावर लवकर पसरते. पठारावर वार्षिक पर्जन्य सरासरी 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास आणि ऊस मात्र विपुल. तेव्हा शेतात जाळले जाणारे पाचट येथे ढलप्यांपेक्षा अधिक उपयुक्त ठरते. मात्र पाचटास लाकडाचे संरक्षण नसते. ते उकळत्या पाण्यातून काढून, निथळवून, हातात पिळता पाण्याचे एखाद-दोन थेंब पडतील इतपत ओले ठेवावे. अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीकडे स्थिती उलट आहे. तेथे पावसाला तोटा नाही. साचलेल्या पाण्याने कवकजाल गुदमरू नये म्हणून वाफ्याला उतार द्यावा लागतो. स्ट्रोफेरियाचा प्रयोग करावयाचा झाल्यास जिल्ह्यात तोच भाग अधिक योग्य.

वाफा उघड्यावर असला म्हणजे पेरले तेच उगवेल याची हमी नसते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी छत्री कुजणाऱ्या पाल्यात व गवतात सहज येते. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, कोवळेपणी पांढऱ्याच पटला. दिसण्यात काहीच भयंकर नाही. खाल्ल्यावर काही तासांतच तीव्र वांत्या व जुलाब सुरू होतात. चांदीचे नाणे काळे पडणे, किडीने खाल्लेली ती निर्विष, असल्या समजुतींना शास्त्रीय आधार नाही. बीजुकांचा ठसा घेणे हा प्राथमिक उपाय होय. टोपी देठापासून तोडून, पटला खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट, स्ट्रोफेरियाचा गडद जांभळट काळा, तर या विषारी छत्रीचा हिरवट पडतो. अन्य विषारी जातींचा ठसा पांढराही असू शकतो; म्हणून ठसा जुळला तरी पेरलेल्या जातीची इतर सर्व लक्षणे जुळल्याखेरीज वाफ्यातील कोणतीही अळिंबी स्वयंपाकघरात नेऊ नये.