स्वयंपाकघरातील युक्त्या आणि त्यांचा जमाखर्च

समाजमाध्यमांवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहून स्वयंपाकघरात नवनव्या युक्त्या करून पाहण्याची लाट आता जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही चांगलीच रुळली आहे. दोन वाट्यांत घालून खळखळ हलवला की लसूण सोलून निघतो, आमटी खारट झाली तर बटाटा टाकावा, चिमूटभर सोड्याने डाळ लवकर शिजते, अशा गोष्टींची चर्चा शाळेतील शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत डबा खाताना आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांवरही ऐकू येते. या उत्साहाला हसण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. या प्रयोगांचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो?

प्रथम या ओढीचे मूळ पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय स्त्रियांपैकी ८१.२ टक्के ही कामे करताना आढळल्या, पुरुषांपैकी अवघे २६.१ टक्के. जिच्या दिवसातील पाच तास या कामात जातात, तिला दहा मिनिटे वाचवण्याचे आश्वासन मोलाचे वाटावे, यात नवल ते काय? युक्तीची मागणी ही वस्तुतः वेळेची मागणी आहे.

पुरवठ्याची बाजू मात्र निराळी आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांत त्याला जे स्थान मिळाले, ते वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे. पुस्तकातील कृती फसत गेल्या असत्या, तर त्याची नवी आवृत्ती कोणी विकत घेतली नसती. चित्रफितीचे गणित वेगळे आहे. तिचे उत्पन्न ती किती जणांनी पाहिली यावर ठरते; युक्ती साधली की फसली, याचा त्या उत्पन्नाशी संबंध नसतो. फसलेला पदार्थ, वाया गेलेला गॅस आणि वेळ हा सारा खर्च प्रेक्षकाच्या घरी पडतो. जबाबदारीने पाककृती दाखवणारे अनेक जण आहेत, हे खरे. परंतु पडद्यावर दोघांची चित्रफीत सारखीच दिसते.

म्हणून प्रत्येक युक्ती तपासून घेणे क्रमप्राप्त ठरते. काही युक्त्या या तपासणीत उतरतात. लसूण चांगला वाळलेला असेल तर वाट्यांची युक्ती साधते. गॅसच्या टाकीवरून ओले फडके फिरवले असता द्रवरूप गॅस असलेला भाग उशिरा वाळतो आणि १४.२ किलोच्या टाकीत किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. यास खर्च काहीच नाही. खारट आमटीतील बटाटा मात्र मिठासोबत पाणीही शोषून घेतो, त्यामुळे उरलेल्या आमटीचा खारेपणा जवळपास तसाच राहतो. खरा उपाय पाणी किंवा शिजलेली डाळ वाढवणे हाच. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यास फेस भरपूर येतो. पण आम्ल आणि अल्कली परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात आणि भांड्याला मिळते ते मुख्यतः खारट पाणी.

सोड्याची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो आणि सोड्याने ती लवकर मऊ होते, हे सत्य आहे. परंतु त्याच सोड्याने डाळीतील ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. येथे वाचलेल्या इंधनाची किंमत पोषणाने चुकवावी लागते आणि चित्रफितीत हा खर्च कोठेच दाखवलेला नसतो. डाळ आधी काही तास भिजत घातली, तर हा तोटा न सोसताही बराच गॅस वाचतो.

काही प्रयोग तर करूच नयेत असे आहेत. मोरी स्वच्छ करण्यासाठी ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र केल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. संपत आलेली गॅसची टाकी आडवी करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हेही तितकेच घातक. मूठभर गॅसच्या बचतीसाठी घर पणाला लावणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

चुकीच्या प्रयोगातून चुकीचा निष्कर्ष निघाला, तर नुकसान घरापुरते राहत नाही. २०१७ मध्ये देशाच्या अनेक भागांत ‘प्लॅस्टिकच्या तांदळा’ची आवई उठली. भाताचा गोळा करून तो जमिनीवर आपटायचा, उसळला तर प्लॅस्टिक, अशी ‘परीक्षा’ घरोघर होऊ लागली. वास्तविक शिजलेल्या भातातील पिष्टामुळे आणि आत कोंडलेल्या हवेमुळे चांगल्या तांदळाचा गोळाही उसळतो. पुढे रेशनच्या आणि शालेय पोषण आहाराच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळले गेले. तांदळाच्याच पिठापासून बनलेले हे दाणे दिसायला थोडे वेगळे असतात आणि पाण्यावर तरंगूही शकतात. ते प्लॅस्टिकचे समजून निवडून फेकून दिले जात असल्याच्या बातम्या ठिकठिकाणांहून आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा दाण्यांच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. पण तो निवाडा भाताचा चेंडू उसळवून होणार नाही.

तपासणीची पद्धत जालनेकरांना शिकवण्याची गरज नाही, कारण हे बियाण्यांचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ची स्थापना येथेच केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना लाभला. नव्या वाणाची येथे शेजारी नेहमीचे वाण लावून तुलना होते, एकाहून अधिक हंगाम पाहिले जातात, आणि मगच त्याचे नाव होते. पिशवीवर उगवणक्षमता आणि मुदत छापलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्याचा आधार असल्याने शेतकऱ्याला तक्रारीला जागा असते. शहाणा शेतकरी केवळ शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सारे रान नव्या वाणाखाली आणत नाही. युक्तीच्या चित्रफितीला ना लेबल, ना मुदत. तेव्हा छोट्या प्रमाणात, एका वेळी एकच बदल करून, शेजारी नेहमीची पद्धत ठेवून आणि घड्याळ लावून पाहावे. आग, दाब आणि रसायने यांच्याशी संबंध असलेली युक्ती मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय हाती घेऊ नये. विज्ञान व गृहशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात असा एखादा प्रयोग करून दाखवला, तर पाठ्यपुस्तकातील धड्याइतकाच तो उपयोगी पडेल.

शेवटी मूळ हिशेबाकडे वळणे आवश्यक आहे. लसणाच्या, डाळीच्या, टाकीच्या साऱ्या यशस्वी युक्त्यांची बेरीज केली तरी दिवसाची दहा-पंधरा मिनिटेच वाचतील आणि २९९ मधून ती वजा केल्यावरही पावणेपाच तास उरतात. घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी रोज तासभर काम उचलले, तर त्याहून चौपट बचत पहिल्याच दिवशी होईल. हा प्रयोग करण्यास ना सोडा लागतो ना व्हिनेगर, आणि तो फसण्याचे भय तर मुळीच नाही. भ्रमणध्वनीवरील युक्ती उत्साहाने घरात आणणाऱ्या मंडळींनी तिची पहिली चाचणी स्वतःच्या हातांनी घ्यावी आणि भांडीही स्वतःच घासावीत, म्हणजे जमाखर्चाच्या दोन्ही बाजू एकाच वहीत येतील.