किनारी हवामान-सक्षमता प्रकल्प आणि आदिवासींचे हक्क : कोकणातील कांदळवनांच्या संदर्भात

प्रस्तावना

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ कोकणकिनाऱ्याला समांतर सरकत गुजरातकडे गेले. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्र शांत, ही जुनी समजूत या दोन वर्षांत मागे पडली. समुद्राची वाढती पातळी, खचणारे किनारे, भातखाचरांत शिरणारे खारे पाणी आणि वादळे यांना तोंड देऊन किनाऱ्यावरील वस्ती तगून राहावी, यासाठी जे प्रकल्प हाती घेतले जातात त्यांना ‘हवामान-सक्षमता प्रकल्प’ असे म्हटले जाते. त्यांत कांदळवनांचे पुनरुज्जीवन हा सर्वांत लोकप्रिय उपाय होय. तिवर, कांदळ, चिपी या वनस्पतींची मुळे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. अशा कार्यास कोणी विरोध करील असे सहसा वाटत नाही, आणि नेमक्या याच कारणाने त्यातील हक्कांचा प्रश्न दुर्लक्षित राहतो.

सातारा-सांगली परिसरातील वाचकास हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी वाशिष्ठीत मिसळते आणि दाभोळच्या खाडीतूनच समुद्रास मिळते. या भौगोलिक नात्याखेरीज दुसरे नाते अनुभवाचे आहे. कोयनेचे पाणी अडले ते साठच्या दशकात. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ साली. प्रकल्प आधी आणि हक्कांची व्यवस्था नंतर, या क्रमाची किंमत काय असते हे या दोन जिल्ह्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. किनाऱ्यावर आज तोच क्रम, अधिक सौम्य रूपात, पुन्हा घडण्याची शक्यता आहे. ती कशी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘मूलनिवासी’ कोण?

आंतरराष्ट्रीय निधीपुरवठ्याच्या परिभाषेत ‘मूलनिवासी लोकसमूह’ ही एक निश्चित कोटी आहे. ग्रीन क्लायमेट फंड या निधीने ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताच्या किनारी समुदायांची हवामान-सक्षमता वाढविण्याच्या प्रकल्पास ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व ओडिशा या तीन राज्यांसाठी असलेला हा प्रकल्प संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाद्वारे आखला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत या निधीने मूलनिवासींविषयीचे स्वतंत्र धोरण स्वीकारले होते. त्यानुसार अशा समूहांच्या जमिनीवर, साधनसंपत्तीवर वा संस्कृतीवर परिणाम होणार असल्यास त्यांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक आहे.

भारत सरकारची भूमिका मात्र निराळी आहे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले. परंतु स्वातंत्र्यानंतर भारतातील सर्वच लोक मूलनिवासी आहेत, अशी आपली धारणाही नोंदविली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्ये स्वीकारला, पण त्याची जागा घेणारा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात ‘मूलनिवासी’ याचा अर्थ ‘अनुसूचित जमात’ एवढाच उरतो, आणि जमातींची यादी हीच हक्कांची सीमारेषा ठरते.

ही सीमारेषा कोकणच्या किनाऱ्यावर विलक्षण वाकडी धावते. मल्हार कोळी व महादेव कोळी अनुसूचित जमातींत मोडतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे सोनकोळी, मांगेला व गाबीत मोडत नाहीत. पालघर जिल्ह्यातील वारली अनुसूचित जमात आहेत. त्यांपैकी अनेक जण मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून राबतात, पण नौका दुसऱ्याच्या मालकीची असते. ज्याची नौका नाही तो मच्छीमार संस्थेच्या दप्तरात सहजासहजी येत नाही. अशा रीतीने एका यादीने आदिवासी म्हणून मान्य केलेला माणूस दुसऱ्या यादीत मच्छीमार म्हणून दिसत नाही, आणि जो मच्छीमार म्हणून दिसतो तो आदिवासी नसतो.

सर्वांत बिकट स्थिती कातकऱ्यांची. खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून नाव पडलेली ही जमात महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक होय. अन्य दोन कोलाम आणि माडिया गोंड. जंगलाचा आधार तुटल्यावर रायगडच्या खाडीकाठी राहणाऱ्या कातकरी कुटुंबांनी चिखलातून हाताने चिंबोऱ्या धरणे, निवट्या पकडणे, शिंपल्या गोळा करणे यांवर गुजराण चालविली. या मासेमारीस नौका लागत नाही, परवाना लागत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही. अनेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. शिवाय रायगड जिल्ह्यात संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र नाही. त्यामुळे पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार करणारा १९९६ चा ‘पेसा’ कायदा येथील कातकऱ्यांना उपयोगी पडत नाही. डहाणू-तलासरीच्या वारल्यांना ग्रामसभेचे जे विशेष अधिकार आहेत ते अलिबाग-पेणच्या कातकऱ्यांना नाहीत. दारिद्र्य सारखे असूनही जिल्ह्याची हद्द ओलांडताच हक्क बदलतात.

वन की मासेमारीचे क्षेत्र?

महाराष्ट्रात कांदळवनांखालील क्षेत्र २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार ३२४ चौ. किमी. होते. या वनांना कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले त्याचे बरेचसे श्रेय न्यायालयाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजीच्या अंतिम निकालात त्यांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. दरम्यान २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. मुंबईच्या खाड्या भरावाखाली जात असता हे घडले नसते तर आज पुनरुज्जीवन करण्यास फारसे काही उरलेच नसते, हे मान्य करावयास हवे.

पण या संरक्षणाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. शासकीय जमिनीवरील कांदळवन ‘वन’ म्हणून अधिसूचित झाले की त्या चिखलावरचा कारभार महसूल खात्याकडून वनखात्याकडे जातो. तेथे जाणारी वाट, जाळे टाकण्याची जागा, सुकतीला उघडा पडणारा शिंपल्यांचा पट्टा हे सर्व ‘वनक्षेत्रातील प्रवेश’ या सदरात येते. महसुली दप्तरात ही जमीन ‘सरकारी पड’ वा ‘खाजण’ अशीच होती. तेथे कोण काय गोळा करीत असे याची नोंद तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पात याहून सूक्ष्म अडचण आहे. वनजमीन धरणासाठी, खाणीसाठी वा रस्त्यासाठी वळवावयाची असल्यास वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण करणे व ग्रामसभेची संमती घेणे आवश्यक असल्याचे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते. २०२२ च्या नियमांनी या अटीची वेळ पुढे ढकलून ती सैल केली, तो निराळा वादाचा विषय. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. परंतु कांदळवनाची लागवड म्हणजे वनजमिनीचा वनेतर वापर नव्हे. वन वनच राहते; म्हणून संमतीची ही अट लागूच होत नाही. पर्यावरणीय परिणामांचा अहवालही लागत नाही, जनसुनावणीही नाही. वाढवण बंदरास विरोध करणाऱ्या पालघरच्या मच्छीमारांना आणि आदिवासींना जानेवारी २०२४ च्या जनसुनावणीत निदान उभे राहून बोलता आले. ज्या वाडीपुढच्या चिखलात रोपे लावली जातात तिला देशांतर्गत कायदा तेवढीही संधी देत नाही. उपद्रवी प्रकल्पापुढे कायद्याची ढाल आहे आणि उपकारक मानलेल्या प्रकल्पापुढे ती नाही. अशा ठिकाणी निधी देणाऱ्या संस्थेचे धोरण हेच संमतीचे एकमेव बंधन उरते. केंद्राने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘मिष्टी’ या कांदळवन लागवडीच्या योजनेसारखा स्वदेशी निधी असेल तर तेही आपोआप लागू होत नाही.

लागवडीची जागा चुकल्यास नुकसान दुहेरी होते. जेथे कांदळवन पूर्वी कधीच नव्हते अशा उघड्या चिखलपट्ट्यावर रोपे लावणे सोपे असते, कारण तेथे कोणाची मालकी आड येत नाही. फिलिपिन्समध्ये अशा लागवडीतील बहुतांश रोपे जगली नाहीत. परंतु हाच पट्टा शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रियांचे शेत असतो. रोपे मेली तरी कुंपण आणि ‘प्रवेश निषिद्ध’चा फलक मागे राहू शकतो.

संमती या शब्दाचा अर्थ

मुक्त, पूर्व, माहितीपूर्ण अशा तीन विशेषणांनी संमतीची व्याख्या केली जाते. ‘मुक्त’ म्हणजे दबावाविना. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवेपालन, शोभिवंत मत्स्यपालन आदी व्यवसायांसाठी गटांना भरघोस अनुदानाची तरतूद आहे. ती गावातील सहव्यवस्थापन समितीमार्फत मिळते. योजना उपयुक्त आहे. मात्र जी समिती अनुदान देते तिच्याचपुढे लागवडीस नकार देणे कितपत मुक्त असेल, हा प्रश्न उरतोच. ‘माहितीपूर्ण’ याविषयी एवढेच पुरे की शेकडो पानांचे मूळ प्रकल्पपत्र इंग्रजीत असते.

‘पूर्व’ या शब्दाकडे मात्र अधिक लक्ष द्यावयास हवे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ग्रामसभांच्या प्रचलित तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर. पैकी पहिल्या दोन तारखांना वाडीत प्रायः वृद्ध आणि लहान मुले असतात. सर्वेक्षणाचे पथकही पाऊस संपल्यावर, रस्ता कोरडा झाल्यावर येते. नियमानुसार सभा होते, गणसंख्या अन्य वस्त्यांतून भरते, ठराव संमत होतो. ज्यांच्या हातांनी त्या चिखलातून चिंबोऱ्या निघतात ते त्या वेळी दुसऱ्या तालुक्यात विटा थापत असतात. येथे कोणाचाही हेतू दुष्ट असण्याची गरज नाही. दिनदर्शिका पुरेशी आहे.

हक्कांची नोंद आधी

यातून मार्ग नाही असे नव्हे. तमिळनाडूतील पिचावरम येथे १९९०च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने कांदळवनाचे संयुक्त व्यवस्थापन सुरू केले. तेथील इरुळर हे कातकऱ्यांसारखेच हाताने चाचपून कोळंबी पकडणारे लोक. अनुसूचित जमातीचे दाखले त्यांच्यापाशी नव्हते. ते मिळवून देणे हाही त्या कामाचा भाग झाला. भरतीचे पाणी खेळविणारे कालवे खणून वन पुन्हा उभे राहिले, आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्याच्या आडोशाची गावे तुलनेने बचावली. ओळख, उपजीविका आणि वन ही तिन्ही कामे येथे एकत्र चालली.

महाराष्ट्रात यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे व जलाशयांतील अन्य उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. (ङ) मध्ये आदिम जमातींच्या अधिवासाचा हक्क आहे. हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नसल्याने रायगडलाही लागू पडतो. कांदळवन कायदेशीर ‘वन’ झाल्याने जो प्रवेश धोक्यात आला, त्याच कारणाने त्यावर वनहक्काचा दावा करणेही शक्य झाले आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या मेंढा-लेखा गावाने बांबूबाबत जे केले ते खाडीतील चिंबोरीबाबत कायद्याच्या भाषेत अशक्य नाही. बिगर आदिवासी मच्छीमारांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. ही अट जाचक आहे आणि सोनकोळी व गाबीतांचा प्रश्न केवळ या कायद्याने सुटणारा नाही.

पुराव्यासंबंधीचा १३ वा नियम महाविद्यालयीन अध्यापकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. गॅझेटिअर, जुने नकाशे, संशोधनपर नोंदी आणि वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने हे सर्व त्यात ग्राह्य आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरपासून आजच्या वाडीपर्यंतची ही साखळी जोडण्याचे काम इतिहास, भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांच्या आवाक्यातील आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही ते होऊ शकते. मात्र अशी पाहणी पावसाळ्यात, कुटुंबे वाडीवर असताना करावी लागेल, आणि नकाशा भरतीच्या वेळी काढून चालणार नाही. उधाणाच्या दिवसांतील सुकतीला, चिखलात उतरून, कोणती बाई कोणत्या वाटेने कोठपर्यंत जाते, त्या जागेला काय म्हणते आणि तेथे काय मिळते, हे तिच्याच सांगण्यावरून नोंदवावे लागेल. अशी नोंद ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा म्हणून दाखल झाली, की कायद्याच्या कलम ४(५) नुसार पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या जागेवरून दावेदारांना हटविता येत नाही. रोपांसाठी खड्डे खणण्यापूर्वी जो कालावधी हवा असतो, तो येथे मिळतो.