दोन गाण्यांच्या मधली सोफिया

ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या पाच संगीतवाहिन्या 31 डिसेंबर 2025 रोजी बंद झाल्या आणि जुन्या व्हिडिओंच्या आठवणींना उधाण आलं. मला मात्र आठवली सोफिया हक. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती, त्यांना चॅनल व्हीवरचा हा चेहरा वेगळा सांगायला नको.

सोफियाचा जन्म 1971 चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील मूळचे बांगलादेशी, आई ब्रिटिश. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती लंडनच्या 'आकासा' या बँडची गायिका होती. रेकॉर्ड निघाल्या, पण बँडचं नाव मोठं झालं नाही. मग हाँगकाँगहून चालणाऱ्या स्टार टीव्हीच्या संगीतवाहिनीवर ती व्हीजे, म्हणजे गाण्यांचे व्हिडिओ सादर करणारी निवेदिका झाली आणि 1997 मध्ये मुंबईतच राहायला आली.

गाणं जमलं नाही म्हणून टीव्ही, असा हिशेब लोक सहज मांडतात. तो मला साफ अमान्य आहे. व्हीजेचं काम जरा जवळून पाहा. समोर फक्त कॅमेरा, श्रोते नाहीत. ज्या गाण्याबद्दल बोलायचं ते त्या क्षणी वाजतही नसतं. ते नंतर संकलनात जोडलं जातं. दोन गाण्यांमधल्या निवेदनाच्या अशा 'लिंक' एकापाठोपाठ एक चित्रित होतात. संपलेल्या गाण्याची लय धरून पुढच्याची उत्सुकता लावायची, तीही काही सेकंदांत, आणि दहाव्या लिंकला पहिलीइतकाच उत्साह हवा. आवाज कुठे उचलायचा, कुठे थांबायचं हे अंगात मुरलेलं असावं लागतं. बँडसमोर उभं राहून गायलेल्या मुलीकडे ते आयतं होतं.

त्या काळी चॅनल व्हीवर रुबी भाटिया, कमल सिद्धू, लैला रुआस अशा परदेशात वाढलेल्या मुली होत्या. त्यांच्या उच्चारांची टिंगल खूप झाली. पण आशियाई चेहऱ्याच्या मुलीनं पॉपबद्दल अधिकारवाणीनं बोलायचं, हे या मुलींनी आपल्या दिवाणखान्यात रुजवलं. लंडनमध्ये तेव्हा अशा चेहऱ्याला किती जागा होती?

पुढे हिंदी चित्रपटांत तिनं कामं केली. 2002 मध्ये ए. आर. रहमान यांचं संगीत असलेल्या 'बॉम्बे ड्रीम्स' या संगीतनाटकातून ती लंडनच्या रंगभूमीवर आली. मुंबईची वर्षं तिथे कामी आली नसतील असं कोण म्हणेल? नंतर 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिकेत तिनं रोव्हर्स रिटर्न पबमधली पॉपी मोरालेस साकारली. 2012 च्या डिसेंबरात 'प्रायव्हेट्स ऑन परेड' या गाण्यानाचाच्या नाटकात ती होती. जानेवारी 2013 मध्ये कर्करोगानं गेली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

ब्रिटिश बातम्यांचे मथळे 'कोरोनेशन स्ट्रीटची अभिनेत्री' असे होते. त्या मालिकेत ती थोडाच काळ होती. आशियाभर तिला ओळख दिली ती व्हीजेच्या कामानं. मथळ्यात यायला हवं होतं ते हे काम.