मत्स्य-वनस्पती सहसंवर्धनाचे घरगुती संयंत्र : नायट्रीकरणाचा विचार

१८७७ साली पॅरिस येथे श्लोझिंग व म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपत ठेवले. सुमारे २० दिवस त्यातील अमोनियात काहीच पालट झाला नाही. नंतर अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही, मातीचे धुवण नळीत ओतेपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाही. क्रियेचे कर्ते सजीव आहेत हे यावरून ठरले. १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी ते जंतू वेगळे केले. ज्याला आज अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात ते घरगुती संयंत्र म्हणजे तत्त्वतः हीच नळी होय. एका टोकास मासे व दुसऱ्या टोकास भाजी, एवढाच फरक.

प्रस्तुत विवेचनासाठी ५०० लिटरची टाकी व १ चौ. मी. क्षेत्राचा, ३० सें. मी. खोल खडीचा वाफा घेऊ. पंपाने टाकीतील पाणी तासातून एकदा वाफ्यातून फिरावे. वाफा भरला की सायफनने तो आपोआप रिकामा होतो आणि ओसरणाऱ्या पाण्यामागून खडीच्या पोकळ्यांत हवा शिरते. गच्चीवर हे सर्व मांडू इच्छिणाऱ्याने ध्यानात घ्यावे की पाणी व खडी मिळून भार एक टनाच्या घरात जातो. तेव्हा जागा तुळईजवळची निवडावी आणि अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा.

पालेभाजीच्या १ चौ. मी. वाफ्यास रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य पुरते. ३२ टक्के प्रथिनांच्या ५० ग्रॅम खाद्यात नत्र सुमारे २.५ ग्रॅम असते. काही माशाच्या शरीरात राहते, काही विष्ठेत जाते. उरलेले, स्थूलमानाने १.५ ग्रॅम, कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात येते. म्हणजे जंतू नसतील तर रोज दर लिटरला ३ मि. ग्रॅ. नत्राची भर पडेल. त्यापैकी घातक तो अनायनित अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला पी. एच. ७ असता त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण पी. एच. ८ ला ५ टक्क्यांहून अधिक असते. एकाच दिवसाची भर दुसऱ्या परिस्थितीत दर लिटरला ०.१५ मि. ग्रॅ. च्या वर जाते आणि तेथे कल्ल्यांना इजा होते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाच नवी टाकी मासे मारते, ते यामुळे.

म्हणून पहिले काही आठवडे टाकी मत्स्यरहित ठेवणे मला सर्वथा श्रेयस्कर वाटते. ५०० लिटरमध्ये ४ ग्रॅम शुद्ध नवसागर घातल्यास दर लिटरला २ मि. ग्रॅ. अमोनिया-नत्र मिळते. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते. तेही माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. अशी मात्रा दिल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आली की मासे सोडावेत. चालू संयंत्रातील ओंजळभर खडी टाकल्यास हा काळ पुष्कळ घटतो; पॅरिसच्या नळीतील मातीच्या धुवणाचे काम ती करते. नळाचे पाणी क्लोरीन घालवूनच वापरावे, अन्यथा जंतूंचाच नाश व्हावयाचा. नायट्रीकरणाचे दोन टप्पे दोन वेगळ्या जंतुगटांचे, ही जुनी समजूत २०१५ मध्ये सुधारावी लागली : नायट्रोस्पायरा वंशातील काही जंतू दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात.

पॅरिसच्या नळीतील चुनखडीही निरर्थक नव्हती. १ ग्रॅम अमोनिया-नत्राच्या नायट्रीकरणास सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्च होते. आपल्या संयंत्रात हा खर्च रोज सुमारे १० ग्रॅमचा आहे. नायट्रेट शोषताना मुळे त्यातील काही भाग परत करतात. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा कठीण असल्याने भरीच्या पाण्यातूनच तो पुष्कळसा भागतो. मृदू पाण्यात मात्र पी. एच. हळूहळू घसरतो व ६ च्या खाली जंतू जवळजवळ स्वस्थ बसतात. अशा वेळी चुन्याची निवळी व पोटॅशियम कार्बोनेट आलटून पालटून द्यावे. खाद्यात उणे असलेले कॅल्शियम व पोटॅशियम त्याच हाताने मिळते. उलट चुनखडीची खडी पी. एच. वर खेचून धरते. खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास ती त्याज्य समजावी. काळ्या पाषाणाची धुतलेली खडी उत्तम.

जंतूंना ७.५ च्या वरचा, तर भाजीला ६ च्या आसपासचा पी. एच. मानवतो, व्यवहारात ६.८ ते ७ वर तडजोड करतात. तिची किंमत लोहाच्या रूपाने द्यावी लागते, कारण या पी. एच. ला लोह साक्याच्या रूपाने खाली बसते आणि कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी बसविलेल्या पद्धतीत दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मि. ग्रॅ. लोह देत. ते कीलेट रूपातच, शक्यतो डी. टी. पी. ए. बरोबरचे, घ्यावे, हिराकस टाकल्यास त्यातील लोह झाडास मिळण्यापूर्वीच गंजासारखे तळाशी बसते.