राबुनापेत

मध्ययुगीन आर्मेनियातील मठीय विद्यापीठांच्या विद्वान प्रमुख आचार्यास दिली जाणारी सन्मानदर्शक पदवी. ‘राबुनी’ हा मूळचा अरामी शब्द ‘गुरुवर्य’ या अर्थाने बायबलच्या नव्या करारातही आढळतो. ‘पेत’ हे उत्तरपद आर्मेनियन भाषेने इराणी भाषांतून घेतले असून ते संस्कृत ‘पति’ या शब्दाशी सजातीय आहे. त्यामुळे या पदवीचा अर्थ ‘आचार्यांचा प्रमुख’ असा होतो. रचनेच्या दृष्टीने ‘कुलपती’ हा शब्द तिला जवळचा आहे.

आर्मेनियन चर्चमध्ये विद्याव्यासंगी, ब्रह्मचारी धर्मगुरूस ‘वार्दापेत’ (शब्दशः शिक्षक) म्हणतात. अध्ययन पूर्ण करणाऱ्यास ही पदवी मिळे आणि अध्यापनाच्या अधिकाराचे चिन्ह म्हणून त्यास दंड दिला जाई. असे वार्दापेत जेथे घडत, त्या विद्यापीठाचा प्रमुख म्हणजे राबुनापेत. त्याचा मान मुख्यतः विद्वत्तेवर अधिष्ठित होता.

बाग्रातुनी राजांची राजधानी आनी १०४५ मध्ये बायझंटिनांच्या हाती गेली. पुढे या प्रदेशावर सेल्जुक तुर्क व मंगोल यांचे वर्चस्व आले. स्वतःचे राज्य नसलेल्या या भूमीत भाषा व ज्ञानपरंपरा टिकविण्याचे कार्य प्रामुख्याने मठांनी केले. वायोत्स द्झोर प्रांतातील ग्लाजोर येथे सु. १२८० मध्ये नेर्सेस म्शेत्सी याने विद्यापीठ स्थापिले. त्याच्यानंतर येसायी न्चेत्सी (मृ. १३३८) हा सु. अर्धशतक तेथील राबुनापेत होता. बायबलवरील भाष्ये, व्याकरण व तत्त्वज्ञान यांबरोबरच हस्तलिखितांचे लेखन व चित्रण हेही तेथे शिकविले जाई. ऑर्बेलियन व प्रोशियन या सरदार घराण्यांचा त्यास आश्रय होता.

ग्लाजोरचे विद्यापीठ चौदाव्या शतकाच्या मध्यास बंद पडले. तथापि त्याची परंपरा खंडित झाली नाही. येसायीचा शिष्य होव्हान व्होरोत्नेत्सी याने ती पुढे नेली व ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांवर भाष्ये लिहिली. त्याचा शिष्य ग्रिगोर तातेवात्सी (सु. १३४६–१४०९) याच्या काळात तातेव हे आर्मेनियन विद्येचे प्रमुख केंद्र बनले. एका मठातील अध्यापन थांबले, तरी आचार्य शिष्यांसह अन्यत्र जाऊन ते पुन्हा सुरू करी. अशा गुरुशिष्यपरंपरेचा तो आधार असल्यामुळे आर्मेनियन संस्कृतीच्या इतिहासात राबुनापेतास विशेष महत्त्व आहे.

‘वार्दापेत’ ही पदवी आजही प्रचलित असून आर्मेनियन लोकसंगीताचा संग्राहक व संगीतरचनाकार कोमितास (१८६९–१९३५) हा तिचा आधुनिक काळातील सुविख्यात मानकरी होय.